हे देवा, माझी झडती घे: अंतःकरण देवापुढे उघडण्याची रीत

प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या, आदल्या शनिवारी आपल्यातले बरेचजण एक काम उरकून टाकतात. जेवणं झाली की डोळे मिटायचे, 'प्रभू, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर' असं म्हणायचं आणि अंथरुणावर पडायचं. 'कळत-नकळत'मध्ये सगळंच बसतं, त्यामुळे नाव घेऊन सांगावं असं काहीच उरत नाही. बायबलमधल्या १३९ व्या स्तोत्राच्या शेवटची विनंती याहून फार धाडसाची आहे: 'हे देवा, माझी झडती घेऊन माझे हृदय जाण, मला कसोटीस लावून माझे मनोगत जाण.' ही विनंती प्रत्यक्षात कशी करायची, तिला किती वेळ द्यायचा, जे वर येईल त्याचं काय करायचं आणि कुठे थांबायचं, ते इथे लिहिते आहे. उदाहरणं आपल्या कोल्हापूरकडचीच आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. झडती देव घेतो. आपण कपाटं उघडून द्यायची आणि मधे बोलायचं नाही. यिर्मयाच्या १७ व्या अध्यायात हृदयाला सर्वांत कपटी म्हटलं आहे आणि लगेच पुढच्या वचनात ते पारखणारा परमेश्वर आहे असं सांगितलं आहे. आपणच स्वतःला तपासायला बसलो की एकतर भरघोस सूट देतो, नाहीतर उगाच झोडपत बसतो. दोन्ही वेळा बोलणारे आपणच असतो.

आधी स्तोत्र पूर्ण वाचा

चोवीस वचनं आहेत. मोठ्याने, सावकाश वाचलं तरी पाच मिनिटांत होतं. पहिला भाग अनेकांना पाठ असतो: माझं बसणं-उठणं तुला ठाऊक आहे, पहाटेचे पंख घेऊन समुद्राच्या पार गेलो तरी तू तिथे आहेस, आईच्या उदरात तूच मला घडवलंस. उपासनेत वाचताना १८ व्या वचनाशी थांबून थेट २३ वर जायची पद्धत पडली आहे, आणि मला ती अजिबात पटत नाही. मधली चार वचनं रागाची आहेत. दुष्टांचा तू वध कर, तुझ्या वैऱ्यांचा मी पुरेपूर द्वेष करतो, ते माझेही वैरी आहेत, असं कवी म्हणतो. आणि लगेच पुढची ओळ: माझी झडती घे.

राग निवलेला नाही. आपण देवाच्या बाजूचे आहोत याची त्याला पक्की खात्री आहे. नेमक्या त्याच क्षणी तो दुसऱ्यावरचं बोट खाली घेतो आणि स्वतःला पुढे करतो. ती चार वचनं गाळली तर ही प्रार्थना शांत, सज्जन माणसाची वाटते, आणि मग आपल्याला वाटतं की आधी शांत व्हावं, मग देवापुढे बसावं. त्याची गरज नाही. भावकीशी भांडून आलात, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभेत वाद घालून आलात, तरी तसेच बसा.

दावीद राजाचंही तेच झालं. दुसऱ्याच्या बायकोचं, बथशेबेचं, प्रकरण झाल्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तो थेट आरोप घेऊन आला नाही. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी कापली अशी गोष्ट त्याने सांगितली. दावीद भडकला, त्या माणसाने चौपट भरपाई द्यावी म्हणाला, आणि मग 'तो माणूस तूच' हे त्याला ऐकावं लागलं. स्तोत्र ५१ त्यानंतरचं आहे. म्हणून माझा पहिला सल्ला: गेल्या महिन्यात सर्वांत जास्त राग तुम्हाला कोणाचा आला ते आठवा आणि तिथून सुरुवात करा. दुसऱ्याची जी खोड आपल्याला सहन होत नाही, ती पुष्कळदा आपल्याच घरात राहत असते.

आणखी एक. हेच स्तोत्र सुरू होतं ते 'तू मला पारखलं आहेस' या कबुलीने. देवाला सगळं आधीच माहीत आहे, तरी शेवटी कवी पुन्हा पारख म्हणतो. या झडतीत देवाला नवं काही कळत नाही. कळायचं असतं ते आपल्याला. त्यामुळे भीतीचं कारण बरंच कमी होतं.

वेळ, जागा, वही

निदान एक तास ठेवा. घर दोन खोल्यांचं असेल तर नळाला पाणी यायच्या आधीची पहाट किंवा दुपारी सगळे कामावर गेल्यावरची वेळ बरी. गच्ची चालेल. रंकाळ्यावर चालता चालता प्रार्थना छान होते, पण या कामाला ती जागा नको; सकाळी निम्मं कोल्हापूर तिथे फिरायला आलेलं असतं आणि दर दहा पावलांवर 'काय, बरं हाय न्हवं?'ला उत्तर द्यावं लागतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी चर्च उघडून मिळत असेल तर पाळकसाहेबांना विचारून मागच्या बाकावर बसा.

बायबल छापील घ्या. मोबाइलमधल्या बायबलचं निमित्त करून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. साधी शाळेची वही आणि पेन घ्या. उपवास करायचा असेल तर करा, पण मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील तर नको. उपाशीपोटी चक्कर आली म्हणजे अंतःकरण शुद्ध झालं असं नाही.

पहिली पायरी: उपकारस्मरण

पापापासून सुरुवात करू नका. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची पाच टप्प्यांची रीत घालून दिली. तिचा पहिला टप्पा देवाचे आभार मानण्याचा आहे आणि दुसरा, पाप दिसावं म्हणून कृपा मागण्याचा. कॅथलिक बंधुभगिनींना हे ठाऊक असतं, आपण प्रॉटेस्टंट लोकांनीही ते बिनदिक्कत उचलावं. दहा मिनिटं गेल्या आठवड्यातल्या ठळक, खऱ्या गोष्टींबद्दल आभार माना: पोराचा ताप उतरला, थकलेला पगार झाला, सासूबाई कधी नव्हे ते गोड बोलल्या. ज्याने इतकं दिलं त्याच्यापुढे आपण बसलो आहोत हे एकदा मनात उतरलं की खरं बोलणं सोपं जातं.

दुसरी पायरी: मागा आणि गप्प बसा

२३ आणि २४ वं वचन प्रार्थना म्हणून म्हणा. स्वतःच्या शब्दांत म्हणायचं असेल तर आखूड ठेवा: 'प्रभू, मला जे दिसत नाही ते दाखव. मला जे दिसतं पण बघायचं नाही, तेही दाखव.' मग गप्प बसा. पंधरा मिनिटं. हा भाग सर्वांत जड जातो, कारण आपल्या प्रार्थनासभांना शांततेची सवयच नाही. दोन क्षण कोणी बोललं नाही की कोणीतरी गीत सुरू करतं.

पहिली पाच मिनिटं मनात बाजार भरतो: गॅस संपत आलाय, शाळेची फी. ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून टाका आणि परत बसा. नंतर काही वेगळं वर यायला लागतं. एखादा चेहरा, एखादं वाक्य, जुना व्यवहार. कित्येकजण इथेच घाबरून उठतात: 'देवासमोर बसलो आणि घाणेरडेच विचार यायला लागले.' आपल्याकडच्या माणसाला हे गुऱ्हाळावरून कळावं. काहिलीत रस तापायला लागला, भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते. ती आचेने तयार झालेली नसते, रसातच असते. गुळव्या ती काढतो, पुन्हा येते, पुन्हा काढतो. आणि गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून हायड्रॉस पावडर टाकणारेही असतात, ज्यांचा माल बाजारात उठून दिसतो. आपली काही जाहीर साक्ष त्या मालासारखी असते, एवढं बोलून पुढे जाते.

तिसरी पायरी: नाव घेऊन लिहा

शांततेत काहीच आलं नाही तर पुढचे प्रश्न एकेक करून देवापुढे ठेवा. प्रश्नपत्रिका समजून सगळे सोडवत बसू नका. ज्या प्रश्नाशी पोटात कालवलं तिथे थांबा, बाकीचे सोडून द्या.

जमीन आणि पैसा. बांध कोरला का? एका नांगराएवढा का होईना? उसाच्या वजनात, दुकानाच्या मापात, कारखान्यातल्या हजेरीत काही सरकवलं का? २०१९ किंवा २०२१ च्या महापुरानंतर पंचनाम्यात नसलेलं नुकसान लिहून घेतलं का? भिशीचे, मंडळीच्या वर्गणीचे पैसे हातात असताना 'चार दिवस वापरले' का?

आणि बहिणीचं हक्कसोडपत्र. यावर थोडं थांबते, कारण इतकी प्रार्थना करणाऱ्या घरांतही हा विषय कोणी काढत नाही. वडील गेल्यावर बहिणीला साडीचोळी करून, गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात आणि सही घेतात. 'तिनं राजीखुशीनं दिलं' असं सगळेच म्हणतात. तिला नाही म्हणायची सोय होती का, माहेर तुटेल ही भीती होती का, हे देवापुढे बसून विचारा. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी यांना सारखा वाटा, असं तो सांगतो. तिचा हिस्सा ही भावाची मेहरबानी नव्हती.

जीभ. प्रार्थनेची विनंती म्हणून कोणाच्या घरातली भानगड चारचौघांत सांगितली का? 'त्यांच्यासाठी प्रार्थना करा, त्यांचं काय चाललंय म्हाईत हाय न्हवं?' ही चुगलीची सर्वांत पवित्र जात आहे.

मोबाइल. यावर लांबण लावत नाही. रात्री दार लावून काय बघितलं ते बघणाऱ्याला ठाऊक आहे.

घर आणि मंडळी. कोणाशी बोलणं टाकलं आहे? किती वर्षं? कामाला येणाऱ्या बाईला कोणत्या कपात चहा दिला जातो? ख्रिस्तात आल्यावर जात सुटली असं आपण सांगतो; मुलीचं स्थळ बघताना ती परत येते का?

लिहिताना वाक्य 'मी'ने सुरू करा, क्रियापद ठेवा, माणसाचं नाव घाला. 'माझ्याकडून लोभ घडला' हे चालणार नाही. 'मी थोरल्या वहिनीच्या वाट्याचे पैसे दाबून ठेवले' असं लिहा. 'पण तीसुद्धा...' असं पुढे लिहावंसं वाटलं की पेन खाली ठेवा.

चौथी पायरी: हा आवाज कोणाचा, ते ओळखा

वर आलेली प्रत्येक टोचणी देवाकडची नसते. पवित्र आत्मा नेमकं बोलतो: हे कृत्य, हा माणूस, हे दुरुस्त कर. प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात सैतानाला रात्रंदिवस दोष लावणारा म्हटलं आहे, आणि त्याचं बोलणं मोघम असतं: तू असलाच आहेस, तुझं काही होणार नाही. पहिल्यानंतर दुःख होतं पण वाट दिसते. दुसऱ्यानंतर फक्त अंधार. प्रेषित पौलाने २ करिंथ ७ मध्ये देवाच्या मनासारखं दुःख आणि जगाचं दुःख असा फरक केला आहे, तो इथे उपयोगी पडतो.

ज्या गोष्टी तुमच्यावर झाल्या, त्या तुमच्या पापांच्या यादीत लिहू नका. लहानपणी कोणी अंगाला हात लावला, नवऱ्याने मारलं, यात तुमचा गुन्हा नाही, लाज कितीही वाटो. त्यांचं वेगळं पान करा आणि देवापुढे ते तक्रार म्हणून ठेवा. स्तोत्रांत तक्रारींना भरपूर जागा आहे.

काहींच्या बाबतीत झडती थांबतच नाही. तेच पाप शंभरदा कबूल करूनही क्षमा झाली की नाही याचा घोर, प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मार्टिन लूथर तरुणपणी मठात तासन्‌तास पापकबुली देत बसायचे आणि तरी चैन पडायचं नाही. असं होत असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तो मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. त्या माणसाला आणखी आत्मपरीक्षण सांगणं म्हणजे क्रूरपणा.

पाचवी पायरी: कबुली आणि शुद्धी

आता वहीतली वाक्यं एकेक करून देवाला मोठ्याने वाचून दाखवा. कुजबुजत का होईना, पण आवाजात. प्रत्येकानंतर १ योहान १:९ म्हणा: 'जर आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील, व आपल्याला सर्व अनीतीपासून शुद्ध करील.' या वचनात क्षमा आणि शुद्धी या दोन गोष्टी आहेत. क्षमा मागून लोक उठतात, शुद्धी मागायची राहून जाते. दाविदाने मात्र पुसून टाक एवढ्यावर न थांबता 'माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर' अशी मागणी केली. जुनं घासून लख्ख करण्याची ती विनंती नव्हती, नवं मागणं होतं. तुम्हीही मागा: खोटं बोलण्याची क्षमा, आणि खरं बोलायची आवड.

रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तर ओढून आणू नका. १९०५ च्या जूनमध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मुली पापं कबूल करत तासन्‌तास रडल्या, हे आपल्या मंडळ्यांत नेहमी सांगितलं जातं. त्याआधी तिथे कित्येक महिने रोज नेमाने प्रार्थना चालू होती, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. रमाबाईंनी स्वतःबद्दल लिहिलं आहे ते मला त्याहून मोलाचं वाटतं: १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ज्याला शोधत होतो तो ख्रिस्त अजून नाही. एवढी विद्वान, एवढं काम उभं करणारी बाई, आणि झडतीत हे सापडलं. चांगल्या कामाखाली काय आहे तेही देवाला बघू द्या.

सहावी पायरी: परतफेड

कबुली इथे संपली असती तर बरं झालं असतं असं वाटणारी ही पायरी. गणना ५:७ चा नियम साधा आहे: मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, ज्याचं नुकसान केलं त्याच्या हातात. जकातदार जक्कयाने येशूसमोर उभं राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट द्यायचं कबूल केलं. आणि मत्तय ५ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं सांगितलं आहे.

व्यवहारात असं करा. पैसे असतील तर रक्कम काढा, एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि पहिला हप्ता घेऊनच जा. बांध असेल तर मोजणी करून घ्यायची तयारी दाखवा. बहिणीचा हिस्सा असेल तर आधी बायकोमुलांशी बोला, मग वकिलाला विचारा की नोंदणी झालेला दस्त असताना तो कोणत्या दस्ताने परत देता येईल. आणि मगच बहिणीकडे जा, कागद कसा करायचा ते हातात घेऊन. नुसतं रडून 'ताई, चुकलं माझं' म्हणणं स्वस्त पडतं.

माफी मागताना तीन वाक्यं पुरे: मी हे केलं, ते चूक होतं, ते भरून देण्यासाठी मी हे करतो आहे. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे शब्द नकोत. समोरच्याने लगेच माफ करावं अशी अपेक्षा नको. ती त्याची वेळ आहे.

इथे विवेक हवा. जे पाप फक्त मनात होतं ते ज्याच्याबद्दल होतं त्याला जाऊन सांगू नका. 'मी पाच वर्षं मनातल्या मनात तुझा मत्सर केला' हे ऐकून त्या बिचारीने काय करायचं? तुमचं ओझं हलकं होईल आणि तिचं वाढेल. जुन्या अनैतिक संबंधासारखी गोष्ट जोडीदाराला सांगायची असेल तर आधी अनुभवी पाळक किंवा समुपदेशकाशी बोला. पण त्या निमित्ताने ती कायमची पुढे ढकलूही नका.

सातवी पायरी: एका माणसाला सांगा

याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे. याचा अर्थ रविवारी माईक हातात घ्या असा मी लावत नाही. जाहीर कबुलीत उरलेल्या लोकांची नावं ओढली जातात आणि दुपारपर्यंत ती राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत पोचतात. एक माणूस निवडा: पुरुषाने पुरुष, बाईने बाई. वयाने थोडा मोठा, नात्यातला नको, आणि दुसऱ्यांची गुपितं तुमच्यापाशी न बोललेला. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. जो तुम्हाला इतरांचं सांगतो तो तुमचंही सांगणार.

ऐकणाऱ्यासाठी: मधे उपदेश नको, 'असं होतंच' म्हणून हलकंही करू नका. ऐका, क्षमेचं वचन वाचून दाखवा, महिन्याभराने परतफेडीचं विचारा. एका बाबतीत मात्र गुप्तता पाळता येत नाही: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. मंडळीचं नाव खराब होईल हे कारण तिथे चालत नाही.

किती वेळा, आणि वहीचं काय

ही लांब झडती वर्षातून दोन-तीनदा पुरते. उपवासकाळाच्या सुरुवातीला, भस्म बुधवारी, आणि वर्षअखेरीस घेतलेली बरी पडते. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री वीस मिनिटांचं छोटं रूप करा: उपकारस्मरण, दोन वचनं, पाच मिनिटं शांतता, जे आलं ते. पौलाने १ करिंथ ११ मध्ये आत्मपरीक्षण करून मग भाकरी खा असं सांगितलं आहे. परीक्षण करून घरी बसा असं सांगितलेलं नाही, तेव्हा सापडलेल्या पापामुळे प्रभुभोजनाच्या मेजापासून लांब राहू नका. ज्याच्याशी समेट करायचा तो त्याच चर्चमध्ये चार बाकं पुढे बसलेला असेल तर उपासनेआधी पाच मिनिटं काढून त्याच्याकडे जा.

कबुलीची पानं फाडून जाळून टाका. घरातल्या कोणाच्या हाती ती लागायला नकोत, आणि देवाने पुसलेलं आपण जपून ठेवायचं कारण नाही. परतफेडीचं पान मात्र ठेवा: नाव, रक्कम, हप्त्याची तारीख. शेवटचा हप्ता गेला की तेही फाडा.